तात्यांचा फॉल्ट

तात्यांच्या पडवीत मिलिंग मशीन आहे, हे धामापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते चालू असताना पाहिलेला माणूस मात्र शोधून काढावा लागेल. मशीन चालतच नाही असं नाही. चालतं, पण ते चालू झालं की तात्यांचं त्यातलं मन उडतं. कटर एकदा लोखंडाला लागला, कीस पडू लागला, की "होतला आता" म्हणून ते चहाला आत जातात. बाहेर येतात तोवर काहीतरी बंद पडलेलं असतं. मग तात्या चष्मा पुसतात, दोन्ही हात एकमेकांवर चोळतात आणि म्हणतात, "हां! आता खरा काम सुरू झाला."

मिलिंग मशीन म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण गावात यावरून बराच घोळ झाला. टेबलावर लोखंड बांधायचं, वर दातेरी कटर फिरत असतो, त्याच्याखालून टेबल हँडलनं सरकवायचं. कटर थोडं थोडं खात जातो आणि सपाट पाठ, खाच, खोबण, जे हवं ते निघतं. तात्यांचं मशीन कारखान्यात ज्याला 'एम-वन-टीआर' म्हणतात त्या जातीचं. मूळ घराणं अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचं, १९३८ सालचं. पुढे तो नमुना जगभर गेला आणि आपल्याकडे पंजाबात, लुधियाना-बटाल्याकडे तशी मशीनं होऊ लागली. त्यातलंच एक तात्यांना निवृत्तीच्या वर्षी मुंबईच्या भंगार बाजारात दिसलं. हातात फंडाचे पैसे होते. त्या पैशांत घरावर स्लॅब घालायचा काकीचा विचार होता. घरावर अजून कौलं आहेत.

ट्रक कुडाळवरून नेरूरपारच्या पुलावरून आला. ते टनभर वजनाचं धूड पाईपांवरून घरंगळवत पडवीत न्यायला अर्धी वाडी लागली. घाम पुसता पुसता एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तात्या, हेच्यार भात दळतलंस की मसालो?"

"लोखंड," तात्या म्हणाले.

तेव्हापासून गावात ती 'लोखंडाची गिरण' झाली. अजून कुणी कुणी मिरच्यांची पिशवी घेऊन येतो.

तात्या साठी कधीच ओलांडलेले, अंगानं सडपातळ. खिशाचा बनियन, खिशात टेस्टर, कानावर शिसपेन्सिल आणि करगोट्याला अडकवलेलं इन्सुलेशन टेपचं रीळ. जेवायला बसायचा पाट पायाखाली घेऊन ते पॅनेलपुढे उभे राहतात. उजव्या हातात टेस्ट लॅम्प, डावा हात पाठीमागे. एका हातानं आत शिरलेला करंट दुसऱ्या हातानं बाहेर पडायला बघतो आणि वाटेत छाती लागते; म्हणून दुसरा हात त्या वाटेवर ठेवायचाच नाही, असं त्यांना मुंबईत फोरमननं शिकवलं. शिकवण उत्तम आहे. पण काकी बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली तरी तो हात पाठीमागून पुढे येत नाही. "लाईव्ह काम चालू आसा," तात्या सांगतात.

तो फोरमन गिरणीतला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तात्या इलेक्ट्रिक खात्यात हेल्पर होते, नुकतेच चिकटलेले. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. तात्यांनी याचं निदान केव्हाच करून ठेवलंय. "स्टॉप दाबलो सगळ्यांनी मिळान. मगे स्टार्ट कोणी दाबूकच नाय." पुढे ते भांडुपच्या एका लहान वर्कशॉपात टूलरूममध्ये लागले आणि तिथेच निवृत्त झाले. मशीनवर कामं करणारे तिथे बरेच होते. मशीन बंद पडलं की हाक मात्र तात्यांना पडायची. माणसाला कुठल्या कारणानं हाक पडते, त्यावर त्याचा पुढचा स्वभाव ठरत असावा. गावी आल्यावर हाक मारणारं कुणी उरलं नाही, म्हणून तात्यांनी ते मशीनच घरी आणलं.

काम पुष्कळ येतं. कुणाच्या पंपाच्या शाफ्टला चावीची खाच हवी असते, काजूच्या कारखान्यातलं एखादं पातं बसत नसतं, मालवणच्या एखाद्या ट्रॉलरवाल्याला खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं कपलिंग बदलून हवं असतं. तात्या वस्तू हातात घेतात, उलटीसुलटी करतात, "तासाभराचा काम" म्हणतात. गिऱ्हाईक बसतं. मशीन भणभणतं, सुरू होत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो, तात्यांचा उजळतो.

अशा वेळी वाडीतली माणसं जमतात आणि प्रत्येकाकडे एकेक निदान असतं. मोटर जळली, कॅपॅसिटर गेला (या मोटरला कॅपॅसिटरच नाही), व्होल्टेज नाही, अमावास्या आहे. एकदा एका जाणत्यानं विचारलं, "मशीन हाडल्यार राखणदाराक नारळ दिल्लंस?"

"दिलंय मां," तात्या म्हणाले. "पण फ्यूज बदलूक तो येवचो नाय."

त्या दिवशी कुडाळहून आयटीआय झालेला एक पोरगा पाहुणा म्हणून आला होता. त्यानं टेस्टर लावला. लाल, पिवळी, निळी, तिन्ही फेजांवर टेस्टर पेटला. "तात्यानू, सप्लाय बरोबर आसा. मोटर गेली."

तात्यांनी त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. "झिला, टेस्टराक नुसता होय म्हणूक येता. किती होय, ता तो सांगत नाय. नुसत्या होय म्हणणाऱ्याची साक्ष घेवची नसता."

मग त्यांनी आपला टेस्ट लॅम्प काढला. घरातले दोन साधे बल्ब सिरीजमध्ये जोडलेले, कारण दोन फेजांमध्ये चारशे पंधरा व्होल्ट असतात आणि एकटा बल्ब त्याला पुरा पडत नाही. मला स्टार्ट क्षणभर दाबायला सांगितलं. लाल-पिवळ्यात बल्ब लख्ख पेटले. पिवळ्या-निळ्यात मिणमिणले. लाल-निळ्यातही मिणमिणले. म्हणजे निळी फेज मेलेली होती. टेस्टरवर जे दिसत होतं ते मोटरच्याच गुंडाळ्यांतून फिरून मागे आलेलं होतं. वर चिनीमातीच्या किटकॅटमध्ये फ्यूजची तार खाऱ्या हवेनं गंजून तुटली होती, इतकंच. तशा दोन फेजांवर मोटर दाबून धरली असती तर मात्र ती खरोखरच जळली असती आणि पोरग्याचं निदान उशिरा का होईना बरोबर ठरलं असतं.

"१८९१ सालात जर्मनीत लाउफेनसून फ्रँकफर्टाक १७५ किलोमीटर तीन फेजांची वीज नेली लोकांनी," तात्या तार ओढता ओढता सांगत होते. "आणि हंय मीटरासून मशीनापर्यंत येताना एक फेज वाटेत बसता. काय सांगतलंस!"

त्यांच्या पद्धतीला मी मनातून दाद देतो. मशीनला हात लावायच्या आधी तात्या रस्त्यावर जाऊन खांबाकडे बघतात. मग मीटर, मग मेन स्विच, मग पॅनेल. जिथवर वीज आहे आणि जिथे ती नाही, त्या दोन जागांच्या बरोबर मधे टेस्ट लॅम्प लावायचा. अर्धा रस्ता निर्दोष सुटतो. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. अंदाज बांधायचा नाही, आळ घ्यायचा नाही. असल्या शिस्तीनं गावातल्या बांधाच्या भांडणांचा तपास झाला असता तर मालवणच्या कोर्टाला निम्मा दिवस सुट्टी द्यावी लागली असती.

शिस्तीचा तोटा एवढाच, की ती खांबापासून सुरू होते. एकदा ट्रॉलरवाला कपलिंग घेऊन बसला आणि मशीननं हूं की चूं केलं नाही. तात्यांनी खांब पाहिला, मीटर पाहिलं, मेन स्विच उघडला, कंट्रोलचा ट्रान्सफॉर्मर मोजला, ओव्हरलोड रिले दाबून पाहिला, कॉइलचा रेझिस्टन्स घेतला. ट्रॉलरवाल्याचं जेवण झालं, वर सोलकढी झाली, झोपही झाली. उन्हं कलली तेव्हा तात्या पुढच्या अंगाला असलेल्या लाल इमर्जन्सी बटणापाशी पोचले. ते दाबलेलं होतं. एकदा दाबलं की तसंच आत राहतं, फिरवून सोडवावं लागतं. सकाळी एक कोंबडी त्यावर उडून बसली होती.

"मी सकाळीच बघलंय," काकी आतून म्हणाली.

"मगे सांगूक काय झाल्लां?"

"दिवसभर गप रवलास मां? माझे फेणये तळून झाले."

यावर दुसरा कुणी खजील झाला असता. तात्यांनी वही उघडली.

ही वही म्हणजे तात्यांचं जन्माचं संचित. लांबट हिशेबाची वही, तीन रकाने: लक्षण, कारण, उपाय. जमेल तिथे पुरावा सेलोटेपनं चिकटवलेला. "लक्षण: स्टार्टवरचं बोट काढताच बंद. कारण: मुंगी, काळी. उपाय: मुंगी काढली." स्टार्टचं बोट काढल्यावरही मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर आपला आपण धरून राहावा म्हणून त्यात एक जादा कॉन्टॅक्ट असतो. त्याच्या दोन टिकल्यांमध्ये मुंगी चिरडली की टिकल्या टेकतात, पण वीज जात नाही. खाली मुंगी चिकटवलेली. पुढचं पान: "लक्षण: धाडकन ट्रिप. कारण: पाल. उपाय: पालीने स्वतःच केला." शेपटी चिकटवलेली. त्यापुढे: "लक्षण: मोटर गरम. कारण: पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीचे मातीचे घर. उपाय: पिल्ले उडून जाईपर्यंत काम बंद." गिऱ्हाइकांना कारण काय सांगितलं, त्याचा रकाना वहीत नाही.

मी त्यांना एकदा सांगितलं, की अमेरिकेत हार्वर्डच्या एका जुन्या संगणकाच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ ला पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या लोकांनी तो असाच नोंदवहीत टेपनं चिकटवला; ते पान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकच पतंग? आणि तेवढ्यासाठी म्युझियम?" आणि वहीला नवं प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं.

मुंग्या, पाली, माश्या इतक्या सुखासुखी आत कशा जातात, याचं उत्तर उघड आहे, कारण पॅनेलही उघडं आहे. त्याला पत्र्याचं झाकण होतं. ते पहिल्याच महिन्यात काढलं गेलं. "लावन काय करू? परत उघडूचाच लागतला," असं तात्यांचं म्हणणं. स्क्रू बिस्किटांच्या डब्यात गेले, डबा माळ्यावर गेला आणि झाकण काकीनं कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं. तात्यांच्या घरी कोंबड्यांना जेवढं संरक्षण आहे तेवढं कॉन्टॅक्टरला नाही.

कॉन्टॅक्टरवरून आठवलं. तात्या एकदा मुंबईला लोहार चाळीतल्या दुकानदाराशी फोनवर मोठ्यानं बोलत होते: "अरे, कॉन्टॅक्टर पुरो बाद झालो! चिकटता तो सोडीतच नाय! बदलूचोच लागतलो!" रस्त्यावरून जाणारा एक गृहस्थ थांबला आणि आत येऊन हळू आवाजात म्हणाला, "बोललास ता बरा केलास तात्यानू. पण रस्त्याच्या कामाचा बिल तेका आधीच मिळाला."

पावसाळा म्हणजे तात्यांचा हंगाम. जूनमध्ये हवा अशी ओली होते की भिंतीवरच्या कॅलेंडरला बुरशी येते, तिथे मोटरच्या गुंडाळ्यांची काय कथा. तात्या इन्सुलेशन मोजायचा मेगर जोडून हँडल गरगर फिरवतात. काटा एक मेगाओमच्या खाली दिसला की मोटर चालवायची नाही. मोटर खाली उतरवतात, गोणपाटाच्या आडोशाला ठेवतात आणि शंभरचा बल्ब लावून रात्रंदिवस सुकवतात. मध्यरात्री उठून हात लावून बघतात. "बाळंतिणीक लेगीत इतको शेक कोणी देवक नाय," काकी म्हणते. "माका तर नायच नाय."

उन्हाळ्यात रडगाणं वेगळं. आमची जमीन जांभ्याची. मे महिन्यात ती अशी वाळते की अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरपूर घातलं तरी जमीन करंट नीट स्वीकारत नाही. तिथे पाणी ओतत राहावं लागतं. त्यामुळे सकाळी काकी तुळशीला पाणी घालते आणि तात्या अर्थिंगला. दोघंही नमस्कार करतात, पण तात्या नमस्कारानंतर रीडिंग घेतात.

काकीनं एका वर्षी कंटाळून गावच्या तळ्यावरच्या भगवतीच्या देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं हात जोडून सुरुवात केली, की बा देवी म्हाराजा, ह्या लेकराच्या लोखंडाच्या गिरणीमागे जा काय वायट-वांगाळ लागला आसात, ता भायल्या भायर काढून टाक... सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. तात्या एकटे गप्प. बाहेर आल्यावर म्हणाले, "देवीक सांगूचा तर नीट सांगा. कंट्रोल सर्किटात की पॉवर सर्किटात? तिका बिचारीक कळतला कसा?"

तात्यांच्या कीर्तीचा कळस मात्र २०२१ च्या मे महिन्यात झाला. तौक्ते वादळ १६ मे ला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड, आंबे, खांब सगळं आडवं. गाव अंधारात. अखेर नव्या तारा ओढल्या, वीज आली, घराघरांत दिवे लागले. दिव्यांना काही फरक पडत नाही. पण तीन फेजवर चालणाऱ्या मोटरा वेड्यासारख्या वागू लागल्या. एका बागायतदाराचा पंप घूं घूं करी, पाणी धड वर येईना. भाताच्या गिरणीचा पट्टा उलटा पळू लागला. तात्यांचा कटर लोखंड कापायचं सोडून पाठीनं घासू लागला.

तात्यांनी कटरकडे एकदाच पाहिलं. "फेज फिरली." तारा नव्यानं जोडताना दोन फेजांनी जागा बदलली होती. तीन फेजांच्या मोटरची दिशा त्यांच्या क्रमावर ठरते. क्रम उलटला की मोटर उलटी. उपाय पाच मिनिटांचा: मेन बंद करायचा आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायरी एकमेकींच्या जागी लावायच्या. पण तात्यांनी तो पाच मिनिटांत कुठेच उरकला नाही. प्रत्येक घरी आधी खांब पाहिला. मग डोळे मिटून मोटर ऐकली. मग "हम्म" म्हणाले. मग चहा. मग दोन वायरी. लोकांनी पैसे विचारले, त्यांनी घेतले नाहीत. नारळांची जोडी मात्र कुठे नाकारली नाही. त्या दिवसांत काकी खोबरेल काढता काढता थकली. तात्या रस्त्यानं निघाले की माणसं ओट्यावरून उठून उभी राहत. भांडुपची हाक त्यांना धामापुरात ऐकू आली ती तेव्हाच.

त्यांचा मल्टिमीटर मात्र कुणाला मिळत नाही. मागायला गेलं की ते तळ्याची गोष्ट काढतात. गावात ती सगळ्यांना पाठ आहे: पूर्वी लग्नकार्याला दागिने हवे असले की देवीला सांगून तळ्यात फुलं सोडायची, मागितलेले दागिने वर यायचे, कार्य झालं की ते परत करायचे. एकानं परत केले नाहीत. तेव्हापासून तळं दागिने देत नाही. "देवीन शिकवलेला मी विसरलंय नाय," तात्या म्हणतात, आणि मल्टिमीटर कपाटात जातो. हे तळं १५३० साली नागेश देसायांनी बांधलेलं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा गावात पेढे वाटले. तात्यांनी पेढा तोंडात टाकत बांधाकडे पाहिलं. "टिकतला मां. त्यात एक पण वायर नाय."

तात्यांचा पुण्याचा पुतण्या इंजिनियर. गणपतीला आला तेव्हा त्यानं एक ड्राइव्ह आणला, हातात मावेल एवढा डबा. घरातली सिंगल फेज त्यात सोडायची, तो स्वतः तीन फेज तयार करून दोन हॉर्सपॉवरच्या मोटरला देतो. फेज जाणं नाही, उलटणं नाही. वेग कमी-जास्त करायचा तर एक खुंटी फिरवायची. "काका, तुमचे सगळे प्रॉब्लेम एका दिवसात संपतील."

तात्या त्या डब्याकडे भयानं बघत राहिले. "सगळे?"

"सगळे."

"मगे मी काय करू?"

ड्राइव्ह अजून खोक्यात आहे. गावची दमट हवा त्याला मानवेल की नाही, याचा तात्या अभ्यास करतायत.

त्याच गणपतीत मोठ्या मुलाचा मुलगाही आला होता, नुकता चालू लागलेला. तो रांगत, धरत, उभा राहत पडवीत पोचला आणि उघड्या पॅनेलमधल्या लाल-पिवळ्या वायरी बघून आनंदानं हात पुढे करता झाला. काकीनं त्याला मधेच उचललं. ती तात्यांना काही बोलली नाही. पोराला सुनेकडे दिलं, खुराड्याचं दार उपटलं, घासून धुतलं, माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढला आणि मेन बंद करून, कोयतीच्या टोकानं आठही स्क्रू पिळून झाकण बसवलं. कोंबड्यांना फळी लावली. तात्या पाटावर उभे राहून, एक हात पाठीमागे ठेवून, हे सगळं बघत होते.

आणि मशीन चालू लागलं. दसरा गेला, दिवाळी गेली, आंगणेवाडीची जत्रा आली, मशीन बंद पडेना. मुंगी नाही, पाल नाही, धूळ नाही. ट्रॉलरवाल्याला त्याचं कपलिंग तासाभरात मिळालं. त्यानं घड्याळ दोनदा पाहिलं. कामं वाढली, पैसे येऊ लागले, काकी पुन्हा स्लॅबचं बोलू लागली. तात्या मात्र उतरत चालले. चहा गार होऊ देत. कटर लोखंड खात असायचा आणि ते स्टुलावर बसून नुसतं ऐकत असायचे. शेजाऱ्यांच्या घरी जाऊन "फ्रीज कसो आसा?" असं आजाऱ्याची करावी तशी चौकशी करू लागले. वही आडवी पडली. काकीनं घाबरून त्यांना कुडाळला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं, साखर पाहिली, पट्टी काढली आणि सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं.

"सप्लायकडसून बघलात?" तात्यांनी विचारलं.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी पडवीतून शीळ ऐकू आली म्हणून मी डोकावलो. तात्या पाटावर उभे. टेस्टर खिशात, पेन्सिल कानावर, डावा हात पाठीमागे. झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि आठ स्क्रू वाटीत.

काकी कंबरेवर हात ठेवून दारात होती. "आता काय झाला ह्याका?"

"ह्याका काय होवक नाय. झाकणाक झाला." तात्यांचा आवाज पूर्वीचा, भरलेला. "झाकण लोखंडाचा. रंग लावलेला. आतली एखादी वायर सुटान तेका टेकली तर करंट जातलो खंय? स्क्रूवर भरवसो ठेवचो नाय, रंगातसून कॉन्टॅक्ट मिळत नाय. झाकणाक स्वताची अर्थिंगची वायर व्हयी. नातू परत येतलो मां गणपतीक?"

काकीला यावर बोलता येईना, कारण ते अगदी खरं होतं. कुठलाही जाणकार हेच सांगेल. हिरवी वायर, दोन लग, रंग खरवडून एक बोल्ट: काम अर्ध्या तासाचं.

"मगे परत कदी लावतलास ता?"

"लावतलंय, लावतलंय. आधी टेस्टिंग तरी होवंदे."

दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा हिरवी वायर लागलेली होती, झाकण भिंतीला तसंच टेकलेलं होतं आणि एक पाल त्याच्या सावलीतून पॅनेलचं बारकाईनं निरीक्षण करत होती. तात्या चहाला आत गेले होते. वही स्टुलावर उघडी होती, ताज्या शाईत नोंद:

"लक्षण: मशीन सतत व्यवस्थित चालू. कारण: झाकण. उपाय: झाकण काढले."